हाडांच्या कोळशातले रंग: जुन्या बंदुकीच्या खटक्यावर केस हार्डनिंग करताना

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर किंवा दिवाणखान्याच्या भिंतीवर एखादी विलायती टोपीची, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने स्फोटक टोपी फुटून उडणारी, बंदूक अजूनही दिसते. तिच्या खटक्याची पाटी, म्हणजे घोडा आणि कमानी (स्प्रिंगा) जिच्यावर बसवलेल्या असतात ती पोलादी पट्टी, बाहेरून नुसती राखाडी झालेली असते. मात्र ती लाकडातून सोडवून उलटी केली, तर जिथे हात लागला नाही, ऊन पडले नाही, अशा कडेला निळा, जांभळा, गवती आणि तपकिरी असा ढगाळ पट्टा पुष्कळदा शिल्लक सापडतो. बंदूक कारखान्यातून निघाली तेव्हा सबंध पाटी अशीच होती. इंग्लंडमध्ये बनलेल्या १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीपासून संस्थानिकांच्या शिकारी दुनळ्यांपर्यंत अनेक बंदुकांच्या पाट्यांवर हे रंग असत. पोलादी भाग कोळशात गाडून तापवायचा आणि लगेच पाण्यात टाकायचा, अशा प्रक्रियेतून ते येतात; तिला कारागीर केस हार्डनिंग किंवा केस कलर म्हणतात, आणि हे रंग परत आणण्याचे काम नवशिक्याने कोणत्या क्रमाने शिकावे, ते पुढे सांगितले आहे.

प्रारंभीच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेक चुका तिच्या अज्ञानातून होतात. या प्रक्रियेत रंग आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच भट्टीतून आणि एकाच पाण्यातून येतात म्हणून एकच वाटतात. कमी कार्बनचे पोलाद कोळशात गाडून तापवले की मुशीत, म्हणजे कोळसा भरलेल्या लोखंडी पेटीत, कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि त्यातला कार्बन पोलादाच्या पृष्ठभागात मुरतो. परंतु ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली लोखंडात जेमतेम ०.०२ टक्के कार्बन विरघळतो, आणि त्याच्या वर ही मर्यादा एकदम वाढते. म्हणून कठीण कवच हवे असेल, तर पोलाद ७२७ च्या पुरेसे वर नेऊन तिथूनच पाण्यात टाकावे लागते. रंग मात्र कार्बनचे नसतात. तापलेला स्वच्छ भाग पाण्यात शिरताना हवेच्या बुडबुड्यांशी गाठ पडून त्यावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर बसतो आणि त्या थराच्या कमीजास्त जाडीमुळे प्रकाशाचे वेगवेगळे रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात, तसलेच हे रंग. ते ७०० अंशांवरून पाणी दिले तरी उमटतात. जी बंदूक पुन्हा कधीच उडवायची नाही, तिच्या पाटीला कठीणपणाची काहीच गरज नसते. ७२७ च्या वरून पाणी दिले की पोलादाची अंतर्गत रचना बदलते, आकारमान किंचित वाढते आणि पाटी वाकते, हा धोका मात्र पुरेपूर असतो. म्हणून माझे मत असे की जीर्णोद्धारात रंग पाहावा आणि कठीणपणाचा मोह सोडावा.

कामाला लागण्याआधीच्या तीन तपासण्या

पहिली तपासणी नळीची. तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुका भरलेल्याच अवस्थेत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिल्याची उदाहरणे जगभर आहेत, आणि काळी दारू शंभर वर्षांनीही पेटू शकते. लाकडी गज नळीत अलगद सोडावा, तोंडापाशी खूण करावी आणि तीच लांबी नळीच्या बाहेरून, कानापर्यंत, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भोकापर्यंत, मोजावी. गज बोट-दोन बोटे कमी गेला, तर आत काहीतरी आहे असे समजून बंदूक तशीच बाजूला ठेवावी आणि परवानाधारक बंदूक कारागिराला बोलवावे. आत काय आहे ते पाहण्यासाठी खरवडू नये.

दुसरी तपासणी कायद्याची. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हे परवान्याचे काम आहे. कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा दुरुस्त करूनही उडू न शकणाऱ्या हत्यारांसाठी त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. मात्र आपली बंदूक त्या सुटीत बसते की नाही, हे आपण घरी ठरवू नये, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेकडून लेखी विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेतही येऊ शकते. कागद हातात येईपर्यंत सराव साध्या लोखंडी पट्ट्यांवर करावा, आणि तो सराव एरवीही अनेक महिने पुरतो.

तिसरी तपासणी सर्वांत नाजूक, कारण तिचे उत्तर बहुधा ‘हे काम करू नये’ असे येते. मूळ रंगाचा अंश बाहेरच्या बाजूस दिसत असेल, तर त्या पाटीला कानस लावू नये. तेलाचा हात, मऊ कापड आणि मेण एवढेच करावे. नव्या झगमगीत रंगापेक्षा तो विटलेला अंश अधिक मोलाचा आहे. आपल्याकडच्या तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीने उडणाऱ्या, बंदुकांना तर ही प्रक्रिया मुळीच लागू नाही. त्यांच्यावर पुष्कळदा कोफ्तगरीचे, म्हणजे खरखरीत केलेल्या लोखंडावर ठोकून बसवलेल्या सोन्याचांदीच्या तारेचे काम असते. ती तार केवळ लोखंडाच्या खाचांत धरून राहिलेली असते. लाल उष्णता आणि थंड पाण्याचा झटका बसला की तिची पकड सुटते. मराठा सरदारांच्या घरातली तोड्याची बंदूक विलायती दुनळीसारखी रंगवण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

कोणते भाग घ्यावेत, कोणते घेऊ नयेत

पाटी, घोडा, चापाची कमान (चापाभोवतीचे वळलेले संरक्षक कडे, स्प्रिंग नव्हे), दस्त्याची लोखंडी टोपी हे भाग योग्य. नळी, नळीचा मागचा बंद भाग आणि दारूचा दाब झेलणारा कोणताही तुकडा कधीही भट्टीत घालू नये. कमानी म्हणजे स्प्रिंगा जास्त कार्बनच्या पोलादाच्या असतात. त्या भट्टीतून निघून पाण्यात पडल्या की तडकतात, म्हणून त्या आणि आतले बारीक दात असलेले भाग काढून डबीत, चिठ्ठी लावून ठेवावेत. पितळी जोड किंवा डाग दिलेला तुकडा असेल, तर डाग वितळून जाईल. जुन्या घडीव लोखंडावर रंग फार सुंदर येतात. सरावासाठी बाजारात मिळणारी साधी एम. एस. (माइल्ड स्टील, कमी कार्बनचे पोलाद) पट्टी, तीन ते पाच मिलिमीटर जाड, उत्तम. फक्त ती काळ्या पापुद्र्याची नसावी, घासून स्वच्छ करता यावी.

घासण्याचे काम

नवशिक्याला भट्टीची घाई असते, पण रंगाचा अर्धा दर्जा घासण्यातच ठरतो. कागदाखाली नेहमी लाकडी किंवा फायबरची सपाट ठोकळी असावी, कारण बोटाने घासले की पाटीच्या कडा गोल होतात, कोरीवकाम पुसट होते आणि भोकांच्या भोवती खळगे पडतात. असे खळगे साध्या राखाडी पोलादावर दिसत नाहीत. रंग चढल्यावर ते पाण्यातल्या भोवऱ्यासारखे उघडे पडतात. १८० नंबरच्या कागदापासून सुरुवात करावी, मग २२०, ३२० आणि शेवटी ४००, आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते कळते. आरशासारखी चकाकी आणू नये. बफिंगच्या चाकाचे मेण सूक्ष्म छिद्रांत बसते आणि ते निघता निघत नाही.

शेवटच्या कागदानंतर ॲसिटोनने दोनदा पुसावे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी भाग धरू नये. माझ्या एका पट्टीवर अंगठ्याचा ठसा, रेघांसकट, राखाडी रंगात कायमचा उमटलेला आहे. तो मी शिकणाऱ्यांना दाखवण्यासाठी जपून ठेवला आहे.

वाकू नये म्हणून

पातळ पाटी पाण्यात शिरताना एका बाजूने आधी थंड होते आणि धनुष्यासारखी ताणली जाते. त्यासाठी पाटीच्या मागे तिच्याच आकाराची सहा-आठ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी ठेवून मूळ स्क्रूच्या भोकांतून साध्या स्क्रूंनी दोन्ही आवळावे. मूळ स्क्रू वापरू नयेत. रिकामी राहिलेली आट्यांची भोकेही नकली स्क्रूंनी बुजवावीत, नाहीतर आटे झिजतात आणि भोकाच्या तोंडाशी वाफ कोंडून रंगाचा डाग पडतो. चापाच्या कमानीसारखा वळलेला भाग असेल, तर तिची दोन टोके एका आडव्या पट्टीला बांधावीत. दोन्ही बाजूंनी बंद असलेला पोकळ तुकडा कधीच घालू नये. आतल्या ओलीची वाफ होऊन तो फुटू शकतो.

कोळसा

लाकडी आणि हाडांचा असे दोन कोळसे लागतात. लाकडी कोळसा बाभळीसारख्या कठीण लाकडाचा घ्यावा, तो वखारीत मिळतो. तो कुटून चाळावा आणि तांदळाच्या कणीपासून तुरीच्या दाण्यापर्यंतचा भाग ठेवून धूळ फेकून द्यावी. हाडांच्या कोळशाची गोष्ट वेगळी आहे. खताच्या दुकानात मिळणारा हाडांचा चुरा म्हणजे हा कोळसा नव्हे. हाडे हवा बंद करून जाळली की उरतो तो काळा दाणा हवा. त्यात सुमारे दहा टक्के कार्बन आणि बाकी बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट असते. तो पाणी गाळण्यासाठी वापरतात, म्हणून त्या धंद्यातल्या पुरवठादारांकडे चौकशी करावी. बडोद्यात हा शोध सोपा नाही. ‘हाडकांचा कोळसा’ एवढे म्हटल्यावर एका वखारवाल्या काकांनी माझ्यासमोर तराजू झाकला होता आणि “भाई, हे इथे बोलू पण नका,” असे म्हणून मला बाहेरचा रस्ता दाखवला होता. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी हे चालणार नाही, त्यांनी निव्वळ लाकडी कोळशावर सराव करावा. रंग येतात, परंतु निळ्याची खोली कमी राहते.

सुरुवातीला दोन्ही कोळसे मापाने सारखे घ्यावेत. हाडांच्या कोळशात चरबीचा अंश राहिला असेल तर रंग मळकट येतात. म्हणून नवा कोळसा एकदा रिकाम्या मुशीत झाकण लावून तापवून घ्यावा. एका भट्टीनंतर लाकडी कोळसा सुकवून पुन्हा चालतो, हाडांचा मात्र दर वेळी काही भाग ताजा घालावा. कारखान्यांत कार्बन लवकर मुरावा म्हणून बेरियम कार्बोनेट मिसळतात आणि काही ठिकाणी सायनाइडच्या क्षाराचे कुंड वापरतात. ही दोन्ही विषे आहेत आणि घरच्या कामात त्यांना जागा नाही.

मूस भरणे

तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची, वेल्डिंग केलेली चौकोनी पेटी आणि तिच्यावर सैल बसणारे झाकण एवढे पुरे. झाकण हवाबंद करू नये, वायू बाहेर पडायला फट हवीच. तळाशी तीन सेंटिमीटर मिश्रण दाबावे, त्यावर भाग ठेवावा, तो भिंतीपासून निदान अडीच सेंटिमीटर दूर असावा, आणि मग कडांनी हलके ठोकत पेटी भरावी, म्हणजे पोकळी राहत नाही. भागाला बाइंडिंगची बारीक तार बांधली तर ओतताना तो पेटीत अडकत नाही. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचे टोक भट्टीत नव्हे, पेटीत, भागाच्या शेजारी असावे. भट्टीचा आकडा ७५० झाला तेव्हा पेटीचे पोट ६०० वरच असते, आणि या फरकाने पुष्कळांची पहिली भट्टी वाया जाते.

भट्टीत

विजेची मफल भट्टी, म्हणजे बंद कप्प्याची भट्टी, सर्वांत बरी. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, हीट ट्रीटमेंटची कामे होतात आणि छोट्या भट्ट्या वापरायला मिळू शकतात. आकडे नीट वाचायला मदत हवी असेल, तर धातुशास्त्र शिकलेला माणूस या शहरात सहज भेटतो, कारण १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी सुरू केलेल्या कलाभवनाची परंपरा पुढे विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत चालू राहिली. जागा मात्र उघडी हवी. झाकणाच्या फटीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन आणि गंधहीन असतो आणि बंद खोलीत माणूस मारतो.

पेटी थंड भट्टीत ठेवून तापवावी. पेटीच्या आतला आकडा ७४० ते ७५० झाला की वेळ मोजायला लागावे आणि एक तास तिथेच ठेवावे. नंतर भट्टी ७१० वर आणून आतला आकडाही तिथे स्थिर होईपर्यंत, साधारण वीस मिनिटे, थांबावे आणि त्यानंतरच पाणी द्यावे. लोहाराची चुंबकाची युक्ती इथे उलटी पडते: लोखंडाचे चुंबकत्व ७७० अंशांवर जाते, म्हणजे चुंबक चिकटेनासा झाला तेव्हा आपण केव्हाच पुढे निघून गेलेलो असतो. ज्याला कठीण कवचही हवे असेल, त्याने ७६० च्या वर राहून तिथूनच पाणी द्यावे आणि पाटी वाकण्याची तयारी ठेवावी. कारखान्यांत गिअरला ९२५ अंशांवर चार तासांत एक मिलिमीटरहून जास्त कवच मिळते. आपल्या तापमानावर तासाभरात मिळते ते त्याच्या मानाने नगण्य असते, तेव्हा तासन्‌तास भट्टी चालवून काही साधत नाही.

पाणी देणे

लोखंडी पिंप घ्यावे, प्लास्टिकचे नव्हे, आणि त्यात साठ-सत्तर लिटर पाणी भरावे. ज्या पाण्याने हंड्यात पांढरा थर बसतो ते क्षारयुक्त पाणी नको. साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले. पिंपाच्या मध्यावर जाळीची टोपली टांगावी आणि तळाशी भोके पाडलेली नळी ठेवून तिच्यात छोट्या कॉम्प्रेसरची हवा सोडावी, म्हणजे सगळे पाणी बुडबुड्यांनी खळबळत राहील. हे बुडबुडेच नक्षी काढतात. पाणी पंधरा-वीस अंशांवर असावे. बडोद्याच्या मे महिन्यात पिंपातले पाणी सकाळीच तिशीच्या पुढे असते, म्हणून मी हे काम डिसेंबर-जानेवारीत उरकतो. ज्याला उन्हाळ्यातच करायचे आहे, त्याने बर्फाची लादी आणावी. जुने कारागीर पाण्यात थोडा सोरा टाकत. नवशिक्याला त्याची गरज नाही, आणि सोरा कोरड्या कोळशाजवळ तर मुळीच ठेवू नये, कारण काळ्या दारूतले तीनपैकी दोन घटक तिथे शेजारी शेजारी येतात.

दोन माणसे लागतात. दोघांच्याही अंगात सुती कपडे, चामड्याचे हातमोजे, बंद बूट आणि तोंडावर पारदर्शक ढाल हवी. एकाने सांडशीने पेटी भट्टीतून काढून पाण्यापर्यंत आणावी, दुसऱ्याने लोखंडी हुकाने झाकण उडवावे आणि त्याच क्षणी पेटीचे तोंड पाण्याला जवळजवळ टेकवून एका हिसक्यात ती उपडी करावी. पेटी आणि पाणी यांत दोन बोटांहून जास्त अंतर नको. माझ्या पहिल्या खऱ्या पाटीच्या वेळी ठिणग्यांना भिऊन मी पेटी वीतभर वर धरली. त्या वीतभर हवेतून पडताना पाटी कोळशातून मोकळी झाली आणि सबंध बाहेरून एकसारखी राखाडी होऊन निघाली, फक्त जिथे कोळशाचा एक ढेकूळ चिकटून राहिला होता तिथे रुपयाएवढा निळा डाग होता. दोन आठवड्यांची घासणी त्या दीड सेकंदात गेली. पाटी पुन्हा घासावी लागली, आणि प्रत्येक घासणीत पोलाद थोडे थोडे कमी होते, हे जुन्या वस्तूच्या बाबतीत विसरता येत नाही.

पेटी उपडी होताच मोठा फुत्कार होतो, वाफ आणि जळक्या हाडाचा वास येतो आणि विझलेला कोळसा वर तरंगू लागतो. घाईने हात घालू नये; पाच मिनिटांनी टोपली वर काढावी. भाग ओला असताना रंग फिके दिसतात, म्हणून लगेच निराश होऊ नये. उकळत्या स्वच्छ पाण्यात दहा मिनिटे ठेवून काढला की तो स्वतःच्या उष्णतेने सुकतो, आणि तेलाचा हात फिरवल्यावर जे दिसते ते खरे. कानशीची कड मागच्या बाजूला हलकेच ओढून पाहावी: ७१० वरून पाणी दिलेल्या भागावर ती थोडी धरते, ७६० च्या वरून दिलेल्या कठीण भागावर काचेवरून जावी तशी घसरते. कठीण झालेला भाग ठिसूळही असतो, म्हणून तो दीडशे अंशांवर तासभर तापवून हळू थंड होऊ द्यावा. दोनशेच्या वर नेला तर पोलादाचा नेहमीचा गवती रंग वर येऊन मूळ रंगात भेसळ होते. या कामासाठी स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नये.

रंग टिकवणे

हे रंग थराने इतके पातळ असतात की चिंच, लिंबू किंवा कोणतेही आम्ल लागले की पुसले जातात, आणि सोड्याच्या पाण्यानेही ते उतरतात. घरातल्या कोणी देव घासण्याच्या उत्साहात बंदुकीचीही पाटी घासली, तर एका मिनिटात ती पुन्हा राखाडी होईल. तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात मऊ कुंचल्याने द्यावा, तो सुकल्यावर दुसरा द्यावा. जुने विलायती कारखानदारही रंगांवर वार्निश देत असत. लाख नको असेल तर मेण चालते, पण ते दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा लावावे लागते. वस्तू खिडकीसमोर टांगू नये, उन्हाने निळे आधी जातात.

पाटी परत लाकडात बसवण्यापूर्वी तिची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, आणि कोळशाचे प्रमाण, पेटीतला आकडा, वेळ, पाण्याचे तापमान आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सरावाच्या पट्टीला तारेने बांधून ठेवावी. माझ्याकडे अशा एकेचाळीस पट्ट्या एका डब्यात आहेत, आणि नवी पाटी हातात आली की मी आधी तो डबा उपडा करतो.